‘प्रेझेन्स कमी पडतो’ म्हणजे नक्की काय? भेदभाव सोसणाऱ्या मॅनेजरचं कोचिंग, पायरीपायरीने

एचआरकडून कोचला, म्हणजे मॅनेजरला कामात मार्गदर्शन करणाऱ्या बाहेरच्या माणसाला, येणारी विनंती बहुतेक वेळा एका ओळीची असते. ‘काम उत्तम आहे, पण एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स (वरच्या पदाला शोभेलशी छाप) कमी पडतो.’ ‘टीमशी जरा शार्प बोलतात.’ ‘कस्टमरसमोर पॉलिश दिसत नाही.’ यातल्या कुठल्याही ओळीत ‘बाई’, ‘जात’, ‘गावाकडचा’ असे शब्द नसतात, आणि म्हणूनच त्या फसव्या असतात. कधी त्यांच्यामागे खरंच शिकण्यासारखं काही असतं, तर कधी ‘हा आमच्यातला वाटत नाही’ एवढंच. हे दोन वेगळं काढायच्या आधीच जो कोच आवाज, देहबोली आणि ‘कॉन्फिडन्स’वर काम सुरू करतो, तो कंपनीचं देणं क्लायंटच्या, म्हणजे कोचिंग घेणाऱ्या मॅनेजरच्या, नावावर खर्ची टाकतो.

पुढची कामाची पद्धत पुणे-मुंबईतल्या खासगी कंपन्यांमधल्या मधल्या आणि वरच्या फळीतल्या क्लायंटसाठी आहे. मुख्यतः स्त्रिया, दलित-बहुजन मॅनेजर, आणि ज्यांच्या बोलण्यावरून किंवा चेहऱ्यावरून गाव ओळखलं जातं अशी माणसं.

पायरी १: फी कोण देतं ते आधी कागदावर

कोचिंगची फी कंपनी देते आणि कोचिंग घेते ती व्यक्ती त्याच कंपनीत त्रास सोसते. हा गुंता पहिल्याच आठवड्यात सोडवला नाही तर सहाव्या सेशनला तो गळ्याशी येतो. क्लायंट, तिचा बॉस किंवा एचआर, आणि कोच अशी ४५ मिनिटांची तिघांची बैठक घ्या आणि त्यानंतर एका पानाचा करार करा. सहा महिने, दर पंधरवड्याला ६० ते ७५ मिनिटं, एकूण १० ते १२ सेशन हा साधारण आराखडा पुरतो. करारात तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात. कंपनीला फक्त हजेरी आणि ठरलेली उद्दिष्टं कळतील, बोलणं कळणार नाही. क्लायंटने तक्रार करायचं ठरवलं तर कोच ते कंपनीला कळवणार नाही आणि चौकशीत साक्षीदार म्हणून आपणहून पुढे येणार नाही. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: बॉसनेही स्वतःचं एक काम लिहून द्यायचं. ‘दर महिन्याला एका मोठ्या कस्टमर मीटिंगमध्ये ही प्रेझेंट करेल, मी मध्ये बोलणार नाही’ इतकं ठोस. ‘सपोर्ट करेन’ हे काम नव्हे. बॉस या ओळीवर सही करायला कां-कूं करू लागला, तर निम्मं निदान तिथेच झालं.

याच बैठकीत त्या एका ओळीच्या विनंतीची साल काढायची असते. ‘प्रेझेन्स’ कमी म्हणजे कोणत्या मीटिंगमध्ये, काय झालं, आणि काय झालं असतं तर तुम्हाला तो दिसला असता? या लेव्हलवर प्रेझेन्स चांगला आहे असं तुम्ही कोणाला म्हणाल? उत्तरात आलेली तीन नावं एकाच शाळा-कॉलेजची, एकाच पेठेची आणि एकाच लिंगाची निघाली, तर ती मुकाट्याने टिपून ठेवा. त्या बैठकीत त्यावर बोलू नका.

वकिलाशी अशिलाने केलेल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण असतं, ते कोचच्या वहीला नाही. म्हणून नोंदी थोड्या ठेवा, फक्त उद्दिष्ट आणि पुढची कृती. क्लायंटने जात सांगितली असेल आणि ऑफिसात ती कोणाला माहीत नसेल, तर ती वहीत येता कामा नये.

पायरी २: पहिली दोन सेशन

पहिल्या सेशनला क्लायंट सहसा भेदभावाचं नावही काढत नाही. ती ‘माझंच काहीतरी चुकतंय’ इथून सुरुवात करते. कोचने ‘हा तर सेक्सिझम आहे’ म्हणून शिक्का मारायची घाई करू नये, आणि ‘त्यांचा तसा हेतू नसेल’ म्हणून बॉसची वकिलीही करू नये. दुसरी चूक जास्त घातक आहे, कारण क्लायंटने हे वाक्य घरी, मैत्रिणीकडून आणि एचआरकडून आधीच ऐकलेलं असतं. चौथ्यांदा ऐकल्यावर ती पुन्हा बोलत नाही.

‘नक्की काय शब्द वापरले?’, ‘तेव्हा खोलीत कोण होतं?’, ‘पुढे काय झालं?’, ‘हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?’ हे प्रश्न चालतात. ‘तुला असं का वाटतं?’ हा प्रश्न टाळा. मराठीत त्याचा सूर फार पटकन ‘तुलाच असं वाटतंय’कडे वळतो.

जातीबद्दल कोचने विचारायचं नाही, आडनावावरून अंदाज बांधायचा नाही, आणि बांधलाच तर बोलून दाखवायचा नाही. कोच स्वतः सवर्ण असेल तर एक साधं वाक्य उपयोगी पडतं: ‘या बाबतीत मला जे दिसत नाही ते तुम्ही सांगाल तेवढंच मला कळेल, सांगायचं की नाही हे तुमच्यावर.’ यापुढे स्वतःच्या पुरोगामीपणाचा पाढा वाचू नका.

पायरी ३: नोंदवही

सगळ्या कामाचा कणा ही वही आहे. घडल्यापासून २४ तासांच्या आत, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या कागदावर किंवा फोनवर लिहायची. कंपनीच्या लॅपटॉपवर नाही. कंपनीचे मेल आणि फाइली घरच्या जीमेलवर पाठवणं हा सगळ्यात महागात पडणारा उत्साह आहे. गोपनीयतेचा भंग म्हणून उलट तिच्यावरच कारवाई होऊ शकते. मेलची तारीख, वेळ आणि विषय टिपून ठेवला की पुरतं. औपचारिक चौकशीत तो मेल मागवून घेता येतो.

नोंद अशी दिसावी:

‘गुरुवार, १२ जून. तिमाही रिव्ह्यू, सकाळी ११, हजर ७ जण. पुरवठादार बदलायचा प्रस्ताव मी ११.२० ला मांडला. व्हीपी म्हणाले, “नंतर बघू.” ११.४० ला तोच प्रस्ताव दुसऱ्या मॅनेजरने मांडला. व्हीपी: “हे उत्तम, पुढे न्या.” मिनिट्समध्ये त्याचं नाव. माझा ९ जूनचा मेल याच प्रस्तावाचा आहे.’

यात ‘अपमान झाला’, ‘मुद्दाम केलं’ असं काही नाही, म्हणूनच ही नोंद भक्कम आहे. भावना वेगळ्या पानावर लिहायच्या. त्या कोचिंगसाठी लागतात, तक्रारीसाठी नाहीत.

सहा आठवड्यांत १० ते १५ नोंदी जमतात. मग क्लायंटसोबत बसून प्रत्येक नोंदीसमोर तीन प्रश्न लावा. याच जागी दुसरा कोणी असता तर असंच झालं असतं का? हेच पुन्हा पुन्हा, त्याच माणसाकडून किंवा त्याच प्रकारच्या माणसांबाबत होतंय का? याने पैसा, काम, बढती किंवा सुरक्षितता यातलं नक्की काय गेलं? काही नोंदी इथे गळतात. व्हीपी सगळ्यांनाच तोडून बोलतो असं निघतं. ते क्लायंटला सांगायला कचरू नका, कारण उरलेल्या नोंदींचं वजन त्यामुळेच वाढतं.

अप्रेझलमधली वाक्यं सोलून बघणं

‘स्टेकहोल्डर्सशी बोलताना टू अॅग्रेसिव्ह.’ हे वाक्य समोर ठेवा. कोणता स्टेकहोल्डर, कोणता महिना? त्याच मीटिंगमध्ये तितक्याच जोरात बोललेल्या पुरुषाच्या अप्रेझलमध्ये काय लिहिलंय? बहुधा ‘ओनरशिप घेतो’. आणि कामाचं नुकसान काय झालं? तीनही प्रश्नांना उत्तर मिळालं नाही तर तो फीडबॅक नव्हे, शेरा आहे. २०१४ मध्ये कीरन स्नायडर यांनी टेक क्षेत्रातली २४८ अप्रेझल तपासली तेव्हा ‘अब्रेसिव्ह’ (बोचरं, खरखरीत) हा शब्द १७ वेळा सापडला आणि सतराही वेळा तो बायकांबद्दल होता.

पण समजा उत्तर मिळालं: मार्चमध्ये तिने एका ज्युनिअरला सगळ्यांसमोर झापलं आणि तो टीम सोडून गेला. मग ते शिकण्याचं काम आहे, भेदभाव खरा असला तरी. एकाच वाक्यात पूर्वग्रह आणि खरा दोष दोन्ही असू शकतात, आणि कोचची खरी कसोटी इथेच लागते. दोन रकाने करा: ‘माझं’ आणि ‘त्यांचं’. ‘त्यांचं’ या रकान्यातल्या गोष्टीवर क्लायंटला गृहपाठ द्यायचा नाही.

जातीच्या बाबतीत शेरा आणखी आडवळणाने येतो. ‘कम्युनिकेशन’, ‘कल्चर फिट’, ‘फॅमिली बॅकग्राउंड’. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी गेले होते. बोलावणं येण्याचं प्रमाण सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना साधारण दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावांना एक-तृतीयांश निघालं. हे आकडे क्लायंटला दाखवण्याचा उपयोग एवढाच, की ‘माझ्या मनाचे खेळ आहेत का’ हा प्रश्न थोडा सैल होतो.

पायरी ४: कायद्याचा नकाशा

कोचने कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, पण मुदती माहीत नसणं अक्षम्य आहे. कोचिंगचे सहा महिने निवांत चालतात आणि तेवढ्यात तक्रारीची मुदत निघून जाते.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात, त्यात शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागेसाठी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रारीच्या ६ प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तिथे कोणालाच वकील आणता येत नाही, म्हणून घटना तारखेनिशी सांगायचा सराव कोचिंगमध्ये करून घ्यावा. काय सांगायचं ते मात्र पढवायचं नाही.

एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. चौकशी सुरू असताना लेखी विनंती केली तर समिती अशी शिफारस करू शकते की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तिचं अप्रेझल लिहू नये, ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं. बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. बॉसविरुद्ध तक्रार जानेवारी-फेब्रुवारीत, अप्रेझलच्या तोंडावर, असेल तर ही विनंती पहिल्याच दिवशी जायला हवी.

या कायद्याची हद्दही समजून घ्या. ‘बाईला काय कळतंय नेटवर्किंगमधलं’ हे वाक्य लैंगिक स्वरूपाचं नाही. नुसत्या अशा शेऱ्यावर तक्रार टिकणं कठीण. खासगी नोकरीत बढतीतल्या लिंगभेदासाठी किंवा जातिभेदासाठी एकच सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेचं १६ वं कलम सरकारी नोकरीपुरतं. सारख्या कामाला सारखा पगार ही तरतूद १९७६ पासून आहे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा आहे आणि त्या रजेत कामावरून काढता येत नाही, तिच्या तोट्याच्या होतील अशा अटीही बदलता येत नाहीत. ‘परत आल्यावर टीमच राहिली नाही’ हा प्रकार वकिलाला दाखवण्यासारखा आहे.

जातिवाचक अपमानासाठी १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा. त्यात घटना ‘लोकांच्या नजरेसमोर’ घडलेली असणं निर्णायक ठरतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हितेश वर्मा प्रकरणात हाच मुद्दा धरला. म्हणून बंद केबिनमध्ये दोघांत झालेलं बोलणं आणि चाळीस जणांच्या टाउनहॉलमध्ये झालेलं बोलणं यांची नोंद वेगळी ठेवा, आणि हजर कोण ते नावानिशी लिहा. हा फौजदारी मार्ग आहे. एचआरला पाठवलेला मेल म्हणजे एफआयआर नव्हे.

उरलं ते कंपनीचं आचारसंहितेचं धोरण. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीत तक्रार थेट ऑडिट कमिटीपर्यंत नेता येईल अशी व्हिसलब्लोअर (गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीची) यंत्रणा असावी लागते. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना स्त्री-पुरुषांचा मध्यक (मीडियन) पगार आणि भेदभावाच्या तक्रारींची संख्या वार्षिक अहवालात द्यावी लागते. त्या पानावर गेली तीन वर्षं भेदभावाच्या तक्रारी ‘शून्य’ असतील, तर तिथे कोणी तक्रार करत नाही एवढं तरी कळतं.

पायरी ५: राहायचं, लढायचं की निघायचं

हा निर्णय क्लायंटचा. कोचने त्याचा हिशोब मांडून द्यायचा, तोही आकड्यांत. घरखर्च आणि हप्ते मिळून महिन्याला किती? सहा महिन्यांची गंगाजळी आहे का? नोटीस पीरियड ६० दिवसांचा की ९०? बोनस कोणत्या महिन्यात हातात पडतो, कंपनीने देऊ केलेले शेअर्स कधी व्हेस्ट होतात (आपल्या हक्काचे होतात), मुलांची शाळा कंपनीच्या गावाशी बांधली आहे का? मॅनेजर पदावरच्या माणसाला औद्योगिक कायद्यात ‘कामगार’ म्हणून मिळणारं संरक्षण सहसा मिळत नाही, त्यामुळे अपॉइंटमेंट लेटर बाहेर काढून अटी प्रत्यक्ष वाचाव्यात. बऱ्याच जणांनी ते सही केल्यावर पुन्हा पाहिलेलं नसतं.

लढण्याआधी खोलीतली माणसं मोजा. कोणापुढे हे आधी घडलंय? कोण मीटिंगमध्ये ‘हा मुद्दा मघाशी हिनेच मांडला’ एवढं म्हणेल? खासगीत ‘तुझं बरोबर आहे’ म्हणणारे आणि मीटिंगमध्ये बोलणारे यांची यादी वेगळी करा. दुसरी यादी फार छोटी निघते. दोन माणसं पुरतात.

कोच म्हणून एक ठाम मत: ‘आधी अनौपचारिक बोलून बघ’ हा सल्ला सरसकट देऊ नका. स्पर्श, धमकी किंवा बढतीच्या बदल्यात मागणी असेल तर अनौपचारिक बोलण्याने समोरच्याला फक्त तयारीला वेळ मिळतो.

पायरी ६: वाक्यांची तालीम

ऐनवेळी वाक्य सुचत नाही, ते आधीच तोंडात बसलेलं लागतं. प्रत्येक प्रसंगासाठी एकच वाक्य, बारा शब्दांच्या आत. कोचने बॉस व्हायचं आणि खरोखर मध्ये तोडायचं. किमान तीनदा, उभं राहून, मोठ्याने. मीटिंग इंग्रजीत चालत असेल तर वाक्यही इंग्रजीतच बसवा. मराठीत घोकलेलं मनात भाषांतर होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

मध्ये तोडलं तर: ‘माझे दोन मुद्दे राहिलेत, ते संपवते.’ आणि श्वास न घेता दुसरा मुद्दा. ‘सॉरी’ने सुरुवात केली की जागा गेलीच.

कल्पना उचलली तर: ‘माझा सोमवारचा प्रस्ताव पुढे नेल्याबद्दल थँक्स. पुढचा टप्पा मी सांगते.’ त्याच संध्याकाळी सगळ्यांना दोन ओळींचा मेल.

वाढदिवसाचा केक, दसऱ्याची रांगोळी, विमेन्स डेचं आयोजन आणि मिनिट्स लिहिणं पुन्हा तिच्याकडे आलं तर: ‘मागच्या वेळी मी केलं. या वेळी रोटेशन लावू, पहिलं नाव तुमचं टाकते.’ यादी सोबतच न्यायची. नुसता नकार दिला तर ‘अॅटिट्यूड’चा शेरा येतो, यादीला तो चिकटत नाही.

आडनावाची चौकशी अधिक चिवट. ‘पूर्ण नाव काय?’, ‘मूळचे कुठले?’, ‘कुलदैवत कुठलं?’ आणि शेवटी ‘तुमच्यात नॉनव्हेज चालत असेल ना?’ ही शिडी प्रत्येक क्लायंट ओळखतो. कोणत्या पायरीवर थांबायचं ते आधी ठरवून ठेवावं. थेट सांगणं, ‘का, ओळखीचं कोणी निघतंय का?’ असं हसत परत विचारणं, किंवा विषय कामावर आणणं, तिन्ही चालतं. क्लायंटने जात उघड करावी असा आग्रह कोचने कधीही धरू नये. उघड केल्याची किंमत कोच भरत नाही.

‘पानी’ म्हटल्यावर पिकणारा हशाही इथलाच. न-णचा सराव करून घेणारे कोच आहेत. क्लायंटला तो स्वतःहून हवा असेल तर जरूर करावा, पण ते कोचिंगचं उद्दिष्ट म्हणून कंपनीकडून येत असेल तर आधी विचारा की सादरीकरणातला कोणता मुद्दा त्या उच्चारामुळे कस्टमरला कळला नाही.

पायरी ७: बढतीची तयारी

रेटिंगचा खरा निकाल कॅलिब्रेशन मीटिंगमध्ये (वरिष्ठ एकत्र बसून सगळ्यांची रेटिंग जुळवतात ती) लागतो, जिथे क्लायंट हजर नसते. म्हणून ८ ते १० आठवडे आधी एका पानाचा कागद तयार करा: पाच कामं, प्रत्येकासमोर आकडा (वाचलेले पैसे, कमी झालेले दिवस, टिकलेला कस्टमर) आणि त्या कामाला साक्ष असलेला एक वरिष्ठ. तो कागद बॉसला द्या आणि त्या मीटिंगमध्ये बसणाऱ्या आणखी एका माणसाला. बढती नाकारली गेली तर ‘पुढच्या वेळी नक्की’ यावर थांबायचं नाही. काय कमी पडलं, ते कशावरून मोजणार, कोणत्या तारखेला पुन्हा बघणार, हे तिन्ही मेलवर मागायचं.

डबघाईला आलेलं युनिट ‘चॅलेंज’ म्हणून देऊ केलं तर हुरळून जाऊ नये. माणसं, बजेट आणि किमान चार तिमाही लेखी मिळाल्या तरच हो म्हणावं.

कोच कुठे घसरतात

सगळ्यात जास्त वेळा क्लायंटला ‘जाड कातडीचं’ बनवण्यात. सहनशक्ती वाढली, तक्रार थांबली, कंपनी खूश, कोचला पुढचं कंत्राट. दुसरी घसरण उलट्या बाजूची: कोचला स्वतःचा राग काढायचा असतो आणि तो क्लायंटला लढाईत ढकलतो. तिसरी, एकाच टीममधल्या बॉस आणि क्लायंट दोघांचं कोचिंग घेणं. ते नाकारावंच.

झोप उडणं, रविवारी संध्याकाळी छातीत धडधड, मरणाचे विचार हे कोचिंगचं क्षेत्र नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

परदेशातल्या मराठी क्लायंटसाठी नकाशा वेगळा. अमेरिकेत वंश किंवा लिंगभेदाची तक्रार समान रोजगार संधीच्या केंद्रीय आयोगाकडे (ईईओसी) १८० दिवसांत, आणि राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तिथे ३०० दिवसांत करावी लागते. जातीचा उल्लेख करून भेदभावावर बंदी घालणारं पहिलं अमेरिकी शहर सिअॅटल, फेब्रुवारी २०२३. कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनी नाकारलं. तिथे एकच क्लायंट गोऱ्या बॉसकडून वंशभेद सोसतो आणि जेवणाच्या टेबलावर भारतीय सहकाऱ्यांकडून जातिभेद, किंवा पहिला सोसताना दुसरा स्वतः करतो. हा शेवटचा प्रकारही कोचिंगमध्ये बोलायचा असतो.

शेवटच्या सेशनला बॉसने लिहून दिलेलं काम काढून बघायचं: सहा महिन्यांत किती मीटिंगमध्ये ती खरंच बोलली, किती वेळा त्याने मध्ये तोंड घातलं. कोचच्या नोंदी करारात ठरल्याप्रमाणे नष्ट करायच्या, मात्र चौकशी सुरू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय नाही. क्लायंटची वही क्लायंटकडेच राहते. तीन महिन्यांनी अर्ध्या तासाचा एक फोन, आणि तो फीमध्ये आधीच धरलेला असावा.